दोन कुत्रे आहेत म्हणून तिसरं पिल्लू आपोआप वाढत नाही

घरात आधीच दोन कुत्रे असताना तिसरं पिल्लू आणलं की नागपुरात सगळे एकच सांगतात, "आता तुम्हाले काही करायचं काम नाही. मोठे शिकवून देतात त्याले." दवाखान्यात शेजारी बसलेले काका सांगतात, दूध घालायला येणारा भाऊ सांगतो, सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या बायकाही सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. पण त्यात थोडं खरंही आहे, त्यामुळे एका वाक्यात खोडता येत नाही. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी आमच्याकडची मंडळी. बाबू, लॅब्रॅडॉर, बारावं लागलंय, मागच्या पायांत संधिवात. राणी, देशी, मानेवाडा रिंग रोडवरून आलेली, घराची खरी मालकीण. आणि तर्री, हिवाळ्यात गल्लीतल्या बांधकामावर जन्मलेल्या पिल्लांपैकी एक. रंग बघून पोट्ट्यांनी नाव ठेवलं, तेच राहिलं.

मोठे कुत्रे पिल्लाला शिकवतात, हे खरंच आहे. खेळताना दात किती जोरात लावायचे, झोपलेल्याच्या अंगावर उडी मारायची नाही, दुसऱ्याच्या भांड्याजवळ जायचं नाही, खेळायला बोलवायचं तर पुढचे पाय वाकवून कसं बोलवायचं, हे माणसाला शिकवताच येत नाही. राणीनं तर्रीला हे सगळं शिकवलं, आणि आमच्यापेक्षा फार कमी आवाज चढवून शिकवलं. पण त्याच राणीनं हेही शिकवलं की कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की गच्चीवर धावत जायचं आणि गाडी वळेपर्यंत भुंकायचं. पार्सलवाला आला की गेटवर दोन पाय टाकायचे. शेजारच्या काकूंची मांजर कंपाउंडवर दिसली की जग बुडालं असं समजायचं.

नावानं हाक मारल्यावर येणं, तोंडातलं सोडणं, पट्ट्याला न ओढता चालणं, डॉक्टरांना कान बघू देणं आणि घरात एकटं राहणं या गोष्टी कोणताच कुत्रा दुसऱ्या कुत्र्याला शिकवत नाही. राणीला स्वतःला यातलं अर्धं येत नाही, ती तर्रीला काय शिकवणार?

गंमत म्हणजे वरवर बघता पिल्लू शिकलेलंच वाटतं. तुम्ही "या" म्हणता, मोठा कुत्रा उठून येतो, त्याच्या मागे पिल्लू येतं. पाहुणे म्हणतात, वा, किती हुशार! पिल्लू तुमच्याकडे आलेलंच नसतं, ते मोठ्याच्या शेपटीमागे आलेलं असतं. मोठ्याला खोलीत बंद करून पुन्हा हाक मारा, मग कळतं. अशी वाढलेली कुत्री मी पाहिली आहेत. सोबतीशिवाय गेटबाहेर पाय ठेवत नाहीत. जोडीदाराला सलाइन लावायला ठेवून घेतलं की इकडे घरी हे खाणंपिणं सोडून दारात रडत बसतं. माणूस त्यांच्या लेखी जेवण वाढणारी बाई. म्हणूनच "एकमेकांना सोबत होईल" म्हणून एकाच विणीची दोन पिल्लं घरी आणायचा विचार कोणी बोलून दाखवला की मी आधी नाही म्हणते, मग कारणं सांगते.

कारण हे आहे, की पिल्लाचं वय हातातून फार लवकर निसटतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी अमेरिकेत अनेक वर्षं पिल्लं वाढवून अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो प्रसिद्ध केला. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्यांच्यात वावरतं त्यांना ते आपलं मानतं, आणि जे त्या काळात दिसलंच नाही त्याची पुढे भीती बाळगतं. पिल्लू घरी येतं तेव्हा त्यातले अर्धे आठवडे संपलेले असतात. उरलेले सगळे जर राणीबरोबर कुस्ती खेळण्यात गेले, तर ते उत्तम कुत्रा होईल, पण माणसांत राहायला शिकेलच असं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच: घरात कितीही कुत्रे असोत, पिल्लू हे एकुलतं एक आहे असं समजून वाढवायचं. म्हणजे काम कमी होत नाही, वाढतं.

आमच्याकडे त्यासाठी हॉल आणि मागच्या खोलीच्या मधे जाळीचं फाटक आहे. वेल्डरकडून करून घेतलं, कमरेएवढं. वेल्डरनं विचारलं, "लहान लेकरू आहे का घरात?" मी हो म्हटलं. तर्रीचा दिवसाचा मोठा भाग त्या फाटकापलीकडे जायचा. तिथून बाकीचे दिसतात, वास येतो, पण भिडता येत नाही. लोकांना हे क्रूर वाटतं. मला उलट वाटतं. या वयाचं पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपायला हवं, आणि कुत्र्यांनी भरलेल्या घरात त्याला झोपूच मिळत नाही. कोणीतरी उठतं, कोणीतरी भुंकतं, की हेही उठलं. संध्याकाळी जे पिल्लू वेड्यासारखं घरभर पळतं, साडीचा पदर धरून लोंबकळतं, पायाला चावतं, ते बऱ्याचदा "मस्तीखोर" नसतं, झोपेला आलेलं असतं. आमच्याकडे फाटकामागे नेऊन पंखा लावला की थोड्या वेळात घोरायला लागायची.

शिकवणीही वेगवेगळी. एकाला आत ठेवायचं, एकाला बाहेर. थोडाच वेळ, पण एकट्यानं. फिरायला तिघांना एकत्र नेण्याचा मोह होतो, वेळ वाचतो, फोटोही छान येतो. पण पिल्लाची एक फेरी एकट्याची हवीच. "राणी" म्हटलं की राणीनंच यायचं, बाकीच्यांनी बसून राहायचं, आणि बसून राहिल्याबद्दल त्यांनाही खाऊ मिळणार. हा खेळ एकेकाला स्वतःचं नाव पक्कं कळल्यानंतरच जमतो, आधी नाही.

जेवण तर अजिबात एकत्र नाही. "आधी मोठ्याला वाढा म्हणजे मान राहतो" असं खूप जण सांगतात. माझ्या मते क्रमानं फार फरक पडत नाही, अंतरानं पडतो. तिघांचे तीन कोपरे, आणि शेवटचं भांडं उचललं जाईपर्यंत फाटक बंद. रविवारच्या मटणाची हाडं तिघांत टाकायची पद्धत ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती आजच थांबवा. एक तर भांडणं त्यावरूनच होतात. दुसरं, शिजलेलं हाड फुटून त्याचे टोकदार तुकडे पडतात, ते घशात किंवा आतड्यात अडकतात. आणि सावजी रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. प्रेमानं वाढलेलं असलं तरी फोडतो.

आता गुरगुरण्याबद्दल. यावरून मी घरात सगळ्यात जास्त भांडले आहे. बाबूचे पाय दुखतात. तर्री येऊन त्याच्या अंगावर आदळते. बाबू गुरगुरतो. घरातलं मोठं माणूस लगेच ओरडतं, "ए बाबू! लहान आहे ना ती!" का बापा? बाबू काय चुकीचं बोलला? गुरगुरणं ही सूचना आहे. सूचनेवर रागावत गेलात तर कुत्रा सूचना देणं बंद करतो आणि एक दिवस सरळ चावतो. मग सगळे म्हणतात, "अचानक चावला हो, कधीच काही केलं नव्हतं त्यानं."

गुरगुरण्याच्याही आधी बरंच काही घडत असतं. मोठा कुत्रा तोंड फिरवतो, ओठ चाटतो, काही खाल्लेलं नसताना. डोळ्यांतला पांढरा भाग दिसायला लागतो. आणि मग तो एकदम गोठतो, शेपूट थांबते, खाणं थांबतं. ते गोठणं दिसलं की एक क्षणही थांबायचं नाही, पिल्लाला हाक मारून तिकडून काढायचं. मोठ्याला नाही, पिल्लाला. लहान पिल्लाला मोठे बऱ्यापैकी माफ करतात, पण साडेचार-पाच महिन्यांचं झालं की ही सवलत संपते. पिल्लाला मात्र ते कोणी सांगितलेलं नसतं. नेमकं तेव्हाच माणूस निर्धास्त झालेला असतो, कारण "आता जमलं त्यांचं".

"अल्फा", म्हणजे कुत्र्याला धाकात ठेवून आपण कळपाचे राजे व्हायचं, हा प्रकार तर नागपुरात अजून जोरात चालून राहिला. एक ट्रेनर आमच्याकडे आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी तर्रीला पाठीवर पाडून दाबून धरायला सांगितलं, म्हणजे बॉस कोण ते कळतं म्हणे. त्यांना चहा दिला आणि पाठवून दिलं. ही कल्पना जुनी आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्राणिसंग्रहालयातल्या कोंडलेल्या लांडग्यांबद्दल जे लिहिलं त्यातून ती पसरली. पुढे डेव्हिड मेक यांनी कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर रानातल्या लांडग्यांचं कुटुंब कित्येक उन्हाळे जवळून पाहिलं आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं. तिथे कोणी लढून राजा होत नाही. त्याआधी याच मेक यांच्या लिखाणातून "अल्फा" शब्द लोकांपर्यंत पोचला होता, तरी त्यांनी तो मागे घेतला. आमच्या गल्लीतल्या ट्रेनरपर्यंत ती बातमी यायची आहे. आणि कुत्रा तर लांडगाही नाही.

लसीबद्दल थोडंसं, कारण तिथेही "मोठ्यांना झालीय ना" हा गैरसमज आहेच. पार्व्हो हा पिल्लांना उलट्या-जुलाबानं मारणारा विषाणू. मोठ्यांना पार्व्होची लस झाली असली तरी त्यांच्या पंजांना आणि आपल्या चपलांना लागून तो विषाणू घरात येतो. जमिनीत तो महिनोन्महिने टिकतो. आणि आपल्याकडे ज्यावर सगळ्यांचा भरवसा असतो त्या फिनाइलनं त्याचं काही बिघडत नाही. फरशी आधी साबणानं धुवायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी. पिल्लाला आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. एक डोस देऊन "झालं" म्हणू नका. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजमध्ये जा, नाही तर घराजवळच्या डॉक्टरांकडे, पण तारखा पाळा.

"मग लस पूर्ण होईपर्यंत घरातच ठेवायचं का?" नाही. अमेरिकेतल्या प्राणीवर्तनाच्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं २००८ मध्येच सांगितलंय की पहिल्या डोसनंतर आठवड्यानं पिल्लाला जगाची ओळख करून द्यायला सुरुवात करा. जमिनीवर ठेवायचं नाही, एवढंच. तर्री माझ्या मांडीवर बसून फुटाळा तलावावर गेली, धरमपेठेत ट्रॅफिक बघत बसली, लग्नाची वरात आणि बँड लांबून ऐकला. राणी आणि बाबू घरी. हे महत्त्वाचं, कारण राणी सोबत असती तर बँडकडे कसं बघायचं हेही तर्रीनं राणीला विचारलं असतं, आणि राणीचं बँडबद्दलचं मत फार वाईट आहे.

मग उन्हाळा आला. जे नागपूरचे नाहीत त्यांना सांगते, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि डांबरी रस्ता रात्री जेवणं झाल्यावरही तापलेला असतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाचसहा सेकंद टेकवून बघा, नाही ठेववली तर कुत्र्याचे तळवेही ठेवू नका. सकाळी सहाच्या आत फिरणं उरकायचं, बाकी दिवस घरात. सगळे कुत्रे दिवसभर एकाच खोलीत, आणि भांडण कशावरून? कूलरसमोरच्या जागेवरून. खाण्यावरून कधी न गुरगुरलेली राणी कूलरसमोर गुरगुरली. पुस्तकांत खेळणी, हाडं, पलंग सगळं असतं, कूलर नसतो. आम्ही फरशीवर दोन-तीन ठिकाणी ओली पोती टाकली, दुसऱ्या खोलीत जुना कूलर दुरुस्त करून लावला, आणि खसवाल्या कूलरसमोरची जागा बाबूच्या नावानं राखीव केली. त्याची तिथली झोप मोडायला कोणी गेलं की आमच्यापैकी एक जण उठतं. मुलगा म्हणतो मी वॉचमन झाले. असू दे.

शेवटचा मुद्दा, जो लिहायला म्हणूनच मी बसले. बाबू थकला, म्हणून त्याला सोबत व्हावी यासाठी तर्री आणली का, असं मला सारखं विचारतात. नाही. तर्री आली कारण बांधकाम संपलं आणि तिची आई गाडीखाली गेली. बाबूला तिची काहीही गरज नव्हती. म्हाताऱ्या, दुखणाऱ्या कुत्र्याला पिल्लू नको असतं. त्याला नेहमीची जागा, वेळेवर गोळी आणि शांतता हवी असते. "तो गेला की घर खाली वाटेल, म्हणून आत्ताच एक आणून ठेवू" हा विचार माणसाचा असतो. तो मी समजू शकते, पण त्याची किंमत म्हातारा कुत्रा मोजतो, रोज, मागच्या पायांनी.

परवा आमच्या ओळखीतल्या एका काकांनी चौदा वर्षांच्या पामेरियनला सोबत म्हणून रॉटवायलरचं पिल्लू घ्यायचं ठरवलं आणि माझा होकार मागितला. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "तुम्ही तं तीन-तीन पाळता, अन् आम्हाले एक घेऊ देत नाही!" मी पुन्हा नाही म्हटलं, आणि फाटक बनवणाऱ्या वेल्डरचा नंबर मात्र देऊन ठेवला, कारण ते ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे.