जळायचं तर शास्त्रशुद्ध जळा

सोलापुरात ऊन फुकट मिळतं, त्यामुळे जळायला वेगळा खर्च नाही. तरी पुष्कळ तरुण मंडळी दुसऱ्याच्या यशावर चुकीच्या पद्धतीनं जळतात आणि भलतीकडेच सुधारून बसतात. हे टळावं म्हणून चार शब्द.

तुलनेसाठी माणूस कायम लांबचा निवडावा. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ सालीच मांडून ठेवलंय की माणूस स्वतःला ताडून बघतो ते साधारण आपल्याच कुवतीच्या माणसाशी. तुम्ही त्या फंदात पडू नका. अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवरचा, तुमच्याहून थोडेच मार्क जास्त घेणारा पोरगा फार धोक्याचा. त्याची वही मागता येते, तो गणित कुठून धरतो ते दिसतं आणि नकळत आपणही शिकतो. त्यापेक्षा हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलेला मावसभाव बरा, जो आता हिंजवडीतून काचेच्या इमारतीचे फोटो टाकतो. फोटोच बघायचे. नोकरी लागण्याआधी किती ठिकाणांहून हात हलवत परत आलास, असं चुकूनही विचारू नका. तो सांगून टाकेल, आणि मग जळण्यात काय राहिलं?

वयाचंही गणित आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात लॉकवूड आणि कुंडा या दोघींनी अकाउंटिंगच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षाच्या एका अतिहुशार विद्यार्थ्याची कौतुकाची बातमी वाचायला दिली. १९९७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाच्या पोरांना हुरूप आला, कारण तिथवर पोचायला त्यांच्याकडे वेळ होता. चौथ्या वर्षाच्यांना आला नाही. तेव्हा बाविसाव्या वर्षीच ‘आता वय गेलं’ म्हणायला शिका, हुरूप जवळ फिरकणार नाही. एकट्याला जमत नसेल तर गड्ड्याच्या जत्रेत एक चक्कर मारा. कुणीतरी काका भेटतातच. “काय बे, अजून परीक्षाच चाललीय का? आमच्याला बघ, फ्लॅट घेतला!” (फ्लॅटचे हप्ते कोण भरतंय, ते काका सांगत नसतात.)

वर बघून मान अवघडली की खाली बघावं. स्पर्धा परीक्षा सोडून वडिलांच्या यंत्रमागावर बसलेला एखादा मित्र असतोच. ‘निदान आपलं तसं झालं नाही’ म्हणत चहा घ्या, झोप छान लागते. तो हल्ली टॉवेलच्या ऑर्डरी फोनवर परराज्यातून घेतो म्हणे. त्याची चौकशी नको, नाहीतर त्यालाही वरच्या यादीत टाकावं लागेल.

आणि मावसभावानं एखाद्या रविवारी स्वतःहून फोन करून “तुझा बायोडाटा पाठव रे, कुठं चुकतंय बघू” म्हटलं, तर सांगा, रेंज येत नाही.