वय वर्षे चाळीस, किंमत साठ हजार

आमची प्रीमिअर पद्मिनी गेली तेव्हा ती उभी होती. हे मुद्दाम सांगतो, कारण ज्याला त्याला एवढंच पटवण्यात माझा अख्खा पावसाळा गेला. सोसायटीच्या भिंतीकडेला, अंगावर ताडपत्री घेऊन ती निवांत होती आणि रात्रीच्या वादळात गुलमोहराची भलीमोठी फांदी तिच्या टपावर येऊन बसली. सकाळी पाहतो तर टप सीटच्या पाठीला टेकलेला आणि पुढची काच बॉनेटवर चुरा होऊन पडलेली. शेजारचे जोशी खाली आले, हळहळले आणि त्याच श्वासात म्हणाले, "म्हणजे आता पार्किंग रिकामं होणार का?"

विम्याचा फॉर्म आला. अपघाताच्या वेळी वाहनाचा वेग? मी लिहिलं, शून्य. वाहन कोण चालवत होतं? कोणीही नाही. दुसऱ्या वाहनाचा तपशील? गुलमोहर. एजंटाने फॉर्म परत पाठवला. "काका, थट्टा केली की क्लेम अडकतो." मग त्याने स्वतःच्या हाताने सगळीकडे 'लागू नाही' लिहिलं, तरी ड्रायव्हिंग लायसन्सची झेरॉक्स मागितलीच. चालवत कोणी नव्हतं तर लायसन्स कोणाचं द्यायचं? शेवटी माझं दिलं. झाडाचं नव्हतं.

फांदी पडल्याचा पुरावा हवा म्हणून महापालिकेच्या उद्यान विभागात गेलो. तिथे कळलं की फांदी त्यांनीच कापून नेली आहे, त्यामुळे जागेवर फांदी नाही, त्यामुळे फांदी पडली असं लिहून देता येत नाही. हा विषय इथेच सोडतो. डॉक्टरांनी सांगितलंय.

सर्व्हेअर आला तो गाडीपेक्षा बराच लहान. पोरगा गुणी होता, पण आत डोकावून म्हणाला, "काका, गिअर चोरीला गेलाय का?" गिअरचा दांडा स्टीअरिंगला असतो हे त्याला दाखवलं तेव्हा त्याने आधी स्वतःच्या मोबाइलमध्ये फोटो काढला आणि मग कंपनीसाठी. चोकची खुंटी त्याने दोनदा ओढून पाहिली. चेसिस नंबरवर चाळीस वर्षांचं ग्रीस बसलेलं. मी रॉकेलचा बोळा फिरवला, त्याने वर कागद ठेवून शिसपेन्सिल घासली, तसे एकेक आकडे वर आले. वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं थांबून, 1985 साली ही गाडी घरी आणली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात ठोकलेले ते आकडे इतके स्वच्छ उमटले की पोरगा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "बाकी काही राहिलेलं नाहीये, काका."

आता हिशेब. विम्याच्या भाषेत गाडीच्या किमतीला आयडीव्ही म्हणतात. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचा तक्ता असतो, चौथं वर्ष ओलांडलं की निम्मी किंमत गेलेली असते. पाच वर्षांपुढे तक्ता संपतो आणि किंमत परस्परसंमतीने ठरते, म्हणजे कंपनीने आकडा सांगायचा आणि आपण सही करायची. आमचा आकडा साठ हजार. दुरुस्तीचा खर्च त्याच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस'. मिस्त्रीने एक लाख तीस हजारांचं एस्टिमेट दिलं. बाई गेली.

मी म्हटलं, अहो, ही जुनी दुर्मिळ गाडी आहे, हिला साधा तराजू कसा लावता? तर विमा कंपनीच्या साहेबांनी मला 2021 चा केंद्राचा नियम ऐकवला. व्हिंटेज म्हणायला गाडीचं वय पन्नासच्या वर लागतं, मग तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. आमची चाळीस. म्हणजे किंमत द्यायला म्हातारी आणि मान द्यायला लहान. या वयाचं असंच असतं म्हणा, मी अनुभवलंय.

खरी मौज पुढे. सांगाडा तुम्हीच ठेवणार असाल तर भंगाराची किंमत वजा होईल, असं साहेब म्हणाले. किती? अठ्ठावीस हजार. शिवाय प्रत्येक क्लेममधून नियमाने कापायचे एक हजार वजा करून हाती एकतीस. मी विचारलं, "चालती गाडी साठ हजारांची आणि चेपलेली अठ्ठावीसची, हे कसं?"

"सर, या गाडीला मार्केट नाही."

"मग भंगाराला एवढा भाव?"

"भंगाराला आहे ना! जुन्या गाड्यांचे पार्ट कुठे मिळतात हल्ली?"

हेच वाक्य मी महिनाभर त्यांना सांगत होतो. फरक एवढाच की माझ्या तोंडी ते भावनिक होतं आणि त्यांच्या तोंडी ते वजावट होतं. अखंड गाडीचं मोल नाही, पण जाळी, हेडलाइटच्या रिंगा, दरवाज्यांची हँडलं यांना सोन्याचा भाव. मेल्याशिवाय किंमत कळत नाही हे मी माणसांबद्दल ऐकलं होतं.

एका निवृत्त मित्राने विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाचा रस्ता दाखवला. फी नाही, वकील नाही, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबावं लागतं. मी फुलस्केपची तीन पानं लिहिली, त्यात साहेबांचं ते मार्केटचं वाक्य अवतरणचिन्हांत टाकलं आणि शेवटी 'लोकपाल' हा शब्द अधोरेखित केला. महिना संपायच्या आत भंगार वीस हजारांवर उतरलं. हाती एकोणचाळीस. मी सही ठोकली.

तोवर बातमी पसरली होती. नाशिकहून कोणी डॅशबोर्ड मागितला, साताऱ्याहून एकाने नुसती पुढची जाळी. अंत्यदर्शनाला आल्यासारखे लोक यायचे आणि जाताना वायपरला हात घालायचे. मी एक स्क्रूही दिला नाही.

मग मिस्त्रीचा फोन आला. "साहेब, कुर्ल्याला टप मिळालाय. अख्खा. पण पिवळा आहे." साहजिकच होतं. मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून उतरल्या, त्यांचे टप कुठेतरी जाणारच. रंग मारता येईल, म्हणाला. टप, काच, खांब, मजुरी मिळून जो आकडा त्याने सांगितला, तो ऐकून मी फोन घेऊन गॅलरीत गेलो.

"किती म्हणतोय?" आतून बायकोने विचारलं.

विम्याच्या तक्त्यात दहा वर्षांवरच्या पत्र्याच्या भागांना पन्नास टक्के घसारा असतो. त्या नियमाने मी तिला निम्मा आकडा सांगितला.

ती बँकेतून निवृत्त झालेली आहे. चष्मा न काढता म्हणाली, "आणि उरलेला निम्मा कोणाच्या खात्यातून?"