डुकराचा खांदा आणि घरच्यांचा धीर

पुल्ड पोर्क, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवून धागे सोडवलेलं डुकराचं मांस, करायला पाककौशल्य बेताचं चालतं. निर्लज्जपणा मात्र भरपूर लागतो. भुकेली माणसं ओव्हनभोवती घुटमळायला लागली की त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून 'अजून दोन तास' असं शांतपणे सांगता आलं पाहिजे. हे ज्याला जमत नाही त्यानं ऑम्लेट करावं.

खरेदीपासूनच सल्ले सुरू होतात. आपल्याला हवा असतो खांदा, तोही हाडासकट. जनावर आयुष्यभर याच खांद्यावर भार देऊन चालतं, त्यामुळे तिथे चिवट कोलॅजन (स्नायूंना बांधून ठेवणारं प्रथिन) ठासून भरलेलं असतं आणि मधूनमधून चरबी. घाईनं शिजवला तर दातांची परीक्षा घेतो, म्हणूनच तो स्वस्त. पण घरात एक तरी दर्दी असतोच, जो 'पाहुणे यायचेत, जरा बरं मांस आणू' म्हणून पाठीचा बिनचरबीचा तुकडा घेऊन येतो. त्यात वितळायला काहीच नसतं. पैसे जास्त जातात आणि सहा तासांनी पानात पडतो चोथा.

२ किलोचा खांदा घ्या. हाड, चरबी आणि उडालेलं पाणी वजा जाता हातात निम्म्याहून थोडंच जास्त उरतं. ते पावात भरून सात-आठ जणांना पुरतं. वर जाड कातडी असेल तर काढून टाका, ती या आचेवर कधीच कुरकुरीत होत नाही. आदल्या रात्री ३० ग्रॅम मीठ सगळीकडून चोळून तुकडा फ्रिजमध्ये ठेवा. मीठ हळूहळू आत उतरतं. बाकीचे मसाले कितीही चोळले तरी बाहेरच राहतात, त्यामुळे ते सकाळी लावले तरी चालतात. २ मोठे चमचे ब्राऊन शुगर, तितकीच स्मोक्ड पॅप्रिका (धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड), १ मोठा चमचा भरड मिरी, २ छोटे चमचे लसूण पावडर. धुराची भट्टी नाही म्हणून हळहळणाऱ्यांचं समाधान ही पॅप्रिकाच करते.

ओव्हन १३० अंश सेल्सिअसवर, तुकडा जाळीवर, खाली ट्रे. पहिले तीन तास झाकायचा नाही, म्हणजे बाहेरून काळपट-तांबूस पापुद्रा धरतो. कोणी आच वाढवू पाहील तर हात धरा: साखर जळून कडू होते आणि आतलं कोलॅजन होतं तिथंच राहतं.

मग येतो तो प्रसंग. थर्मामीटर सरसर चढत ७० च्या आसपास येतो आणि बसून राहतो. अर्धा तास, तास, काटा ढिम्म. इथे घरात समित्या नेमल्या जातात. ओव्हन बिघडला, थर्मामीटर बिघडला, मुळात कल्पनाच बिघडलेली होती, असे तीन अहवाल येतात. प्रत्यक्षात घाम येऊन आपलं अंग जसं गार पडतं तसंच मांसाचं चाललेलं असतं: पृष्ठभागावरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि ओव्हन देईल तेवढी तिथेच खर्च होते. उपाय सोपा. फॉइलच्या दोन थरांत अर्धी वाटी पाण्यासह तुकडा घट्ट गुंडाळायचा. वाफ अडली की काटा पुन्हा चढू लागतो. पापुद्रा थोडा मऊ पडतो, पण जेवण त्याच दिवशी होतं.

खायला सुरक्षित म्हणाल तर मांस ६३ अंशांना थोडा वेळ विसावलं की झालेलंच असतं. पुढचे तीस अंश फक्त कोलॅजन वितळून त्याचं मऊ जिलेटिन व्हावं म्हणून. ८५ ला काढलंत तर सुरीनं काप पडतील, धागे सुटणार नाहीत. ९३ ते ९६ च्या दरम्यान थर्मामीटरची सळई काही न अडता आत शिरते आणि हाड हलवलं की अलगद, स्वच्छ सुटून हातात येतं. मी तर आकड्यापेक्षा हाडावर जास्त विश्वास ठेवीन. सळई हाडाला टेकली असेल तर आकडा खोटं बोलतो.

आणि एवढं झाल्यावरही वाढायचं नाही! फॉइलमध्ये तसंच पाऊण तास ठेवायचं. लगेच उकललं तर ओलावा वाफ होऊन निघून जातो. पंचाईत अशी की याच पाऊण तासात घरभर वास सुटलेला असतो आणि कोणाचंही विज्ञान ऐकायचं वय उरलेलं नसतं. त्यांना सॉसच्या कामाला लावा: १ कप व्हिनेगर, १ मोठा चमचा साखर, १ छोटा चमचा मीठ, २ छोटे चमचे चिली फ्लेक्स. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पूर्व भागात टोमॅटो न घालता असाच पातळ आंबट-तिखट सॉस करतात, आणि चरबीला तोच पुरून उरतो. बाटलीतला दाट गोड सॉस बदाबदा ओतायचा असेल तर सहा तास खांद्याची मनधरणी कशाला केली?

दोन काट्यांनी सोडवा, जाडसर. बारीक केलं की लगद्याकडे वाटचाल सुरू होते. फॉइलमधला रस उंच ग्लासात ओता, वरची चरबी काढा, उरलेला आटवून मांसात कालवा. ही पायरी गाळून मग 'कोरडं झालं' म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

ओव्हन नसेल तर प्रेशर कुकर: ५ सेंटिमीटरचे तुकडे, १ कप पाणी, प्रेशर आल्यावर मंद आचेवर तासभर, प्रेशर आपोआप उतरू द्यायचं. पापुद्रा विसरा. फार तर सोडवलेलं मांस तव्यावर पसरून कडा परतून घ्या.

उरलं तर दोन तासांच्या आत रसासकट फ्रिजमध्ये; तीन-चार दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी डब्यात थलथलणारी जेली पाहून कोणीतरी 'खराब झालंय' म्हणत तो केराच्या टोपलीकडे नेईल. डबा काढून घ्या. ते जिलेटिन आहे. झाकण ठेवून मंद आचेवर गरम केलं की विरघळून परत मांसात जातं.