उंदराच्या त्वचेपासून मेंदूच्या मूलपेशी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

उंदराच्या त्वचेतील पेशींपासून मेंदूच्या मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडतात त्या पेशी) तयार करण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. आपले आक्षेप मला समजले ते असे. आयपीएस पेशींचे, म्हणजे साध्या पेशीला भ्रूणातल्यासारखी मूलपेशी बनवण्याचे, तंत्र हाताशी असताना त्वचेच्या पेशीपासून थेट मेंदूची मूलपेशी घडवण्याच्या या वेगळ्या वाटेची गरज नव्हती. उंदरात जे घडते ते माणसात घडत नाही, त्यामुळे असे लेख पार्किन्सनच्या रुग्णांच्या घरच्यांना खोटी आशा दाखवतात आणि ‘स्टेम सेल’च्या नावाने पैसे उकळणाऱ्या दवाखान्यांच्या हाती कोलीत देतात. शिवाय यासाठी मुक्या प्राण्यांचा जीव घेणे आपल्याला समर्थनीय वाटत नाही.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर थोडक्यात देता येते. क्योटो विद्यापीठातील शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २००६ मध्ये उंदराच्या फायब्रोब्लास्ट (त्वचेसारख्या ऊतींना आधार देणाऱ्या) पेशींत ऑक्ट४, सॉक्स२, केएलएफ४ आणि सी-मिक ही चार जनुके घालून त्या पेशींना भ्रूणावस्थेतील मूलपेशींसारखे रूप दिले. याच आयपीएस पेशी. अशी पेशी शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकते, आणि उपचाराच्या वेळी नेमकी हीच क्षमता अडचणीची ठरते. कारण तिच्यापासून मेंदूच्या पेशी घडवताना काही थोड्या पेशी जरी पूर्ण न घडता मागे राहिल्या, तरी प्रत्यारोपणानंतर त्यांच्यापासून टेराटोमा नावाची गाठ होऊ शकते. स्टॅनफर्डमधील संशोधकांनी २०१० मध्ये फायब्रोब्लास्टपासून थेट चेतापेशी बनवून दाखवल्या, पण चेतापेशी विभाजन पावत नाही, त्यामुळे तिची संख्या वाढवता येत नाही. हवी होती ती या दोन्हींच्या मधली, म्हणजे वाढत राहणारी, पण मेंदूच्याच पेशी देणारी मूलपेशी. २०१२ मध्ये ती थोड्याच काळात अनेक ठिकाणी मिळाली. जर्मनीतील म्युन्स्टर येथील माक्स प्लांक संस्थेत हान्स शोलर यांच्या गटाने यामानाकांच्या चार जनुकांतून ऑक्ट४ वगळून त्याऐवजी ब्रन४ हे जनुक घेतले आणि जोडीला ई४७ वापरले. बॉन येथील गटाने ऑक्ट४ ठेवले, परंतु केवळ सुरुवातीच्या काही दिवसांपुरते. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेत तर एकट्या सॉक्स२वर काम भागले.

आता आपल्या मुख्य आक्षेपाकडे वळतो. उंदरावरील प्रयोगांमुळे खोटी आशा निर्माण होते, असे आपण म्हणता. या क्षेत्राचा गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहता मला याच्या नेमके उलट दिसते: खोट्या आशा वेळीच मोडण्याचे काम उंदरांनीच केले आहे.

एखादी पेशी मेंदूची मूलपेशी ‘झाली’ असे संशोधक सांगतात, तेव्हा ते कशावरून? नेस्टिन, सॉक्स१, पॅक्स६ अशा खुणेच्या प्रथिनांवरून. त्वचेच्या पेशीची स्वतःची जनुके गप्प झाल्यावरून. आणि तिच्यापासून चेतापेशी, अ‍ॅस्ट्रोसाइट व ऑलिगोडेंड्रोसाइट (शेवटच्या दोन्ही चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) हे तिन्ही प्रकार तयार होतात यावरून. परंतु या खुणा ती पेशी आज काय आहे एवढेच सांगतात. ती कोणत्या वाटेने इथवर आली हे सांगत नाहीत. आणि या तंत्राचा सगळा दावा वाटेविषयीच होता, कारण मधल्या धोकादायक, कशातही रूपांतरित होऊ शकणाऱ्या अवस्थेला आपण वळसा घातला, असे ते सांगत होते.

२०१५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी हा दावा तपासला. त्यासाठी त्यांनी असे उंदीर वापरले की, ज्यांच्या पेशीत तिचे स्वतःचे ऑक्ट४ किंवा नॅनॉग जनुक क्षणभर जरी जागे झाले, तरी त्या पेशीवर आणि तिच्या पुढच्या सर्व संततीवर न पुसली जाणारी रंगीत खूण उमटावी. ही जनुके जागी होणे हे त्या अवस्थेचे लक्षण आहे. यामानाकांची चारही जनुके अल्पकाळ चालू ठेवून केलेल्या रूपांतरात निघालेल्या बहुसंख्य मूलपेशींवर ही खूण सापडली. इस्रायलच्या वायझमन संस्थेतील गटाने आणखी एक पुरावा दिला: मादीच्या पेशींत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र कायमचे बंद असते, ते या प्रवासात पुन्हा जागे झाल्याचे त्यांना दिसले. वळसा घातलाच गेला नव्हता. पेशी त्या अवस्थेतून घाईने निघून गेल्या होत्या. प्रत्येक पेशीचा वंश असा जन्मापासून खूण करून शोधणे माणसाच्या बाबतीत शक्यच नाही. म्हणून ऑक्ट४ न वापरणाऱ्या पद्धतींकडे मी अधिक विश्वासाने पाहतो, आणि मूळ लेखात म्युन्स्टरच्या प्रयोगाला जास्त जागा दिली ती याच कारणाने.

दुसरे उदाहरण आपल्या काळजीच्या अधिक जवळचे आहे, कारण ते पार्किन्सनचेच आहे. मेंदूतील अ‍ॅस्ट्रोसाइट जागच्या जागी चेतापेशीत बदलता येतात आणि उंदरातील पार्किन्सनसदृश लक्षणे त्यामुळे मागे हटतात, असा दावा २०२० मध्ये मोठ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्याचे जगभर स्वागत झाले. पुढच्याच वर्षी टेक्सास विद्यापीठातील चुन-ली झांग यांच्या गटाने अशा प्रयोगांतील पेशींच्या वंशाचा काटेकोर माग काढला, तेव्हा ‘नव्या’ म्हणून मोजलेल्या चेतापेशी मुळातच मेंदूत असलेल्या जुन्या चेतापेशी निघाल्या. जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूची खूण चुकून त्यांच्यावर उमटली होती. ही तपासणी न होता तो उपचार रुग्णांपर्यंत गेला असता तर काय झाले असते, याचा आपणच विचार करावा.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मला पूर्णपणे मान्य आहे. माणसाच्या चेतापेशी पक्व व्हायला कितीतरी अधिक काळ घेतात, आणि एका उंदराच्या मेंदूत सहज सामावणारी पेशींची संख्या माणसासाठी अगदी अपुरी असते. थेट रूपांतराने बनवलेल्या मेंदूच्या मूलपेशींवर आधारित कोणताही मान्यताप्राप्त उपचार आज नाही, हेही स्पष्ट सांगतो. क्योटोमध्ये पार्किन्सनच्या सात रुग्णांवर झालेली आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी, तसेच टोकियोच्या केओ विद्यापीठात मज्जारज्जूला इजा झालेल्या चार रुग्णांवर झालेली चाचणी, या दोन्ही आयपीएस पेशींवर आधारलेल्या होत्या.

पण केओच्या कामाचा मागचा भाग पाहावा. तेथील गटाने मानवी आयपीएस पेशींपासून बनवलेल्या मेंदूच्या मूलपेशी इजा झालेल्या उंदरांच्या मज्जारज्जूत सोडल्या, तेव्हा एका विशिष्ट पेशीमालिकेच्या (एकाच मूळ पेशीपासून वाढवत नेलेल्या पेशींच्या) बाबतीत उंदीर आधी सुधारले आणि काही आठवड्यांनी पुन्हा खालावले, कारण आत गाठ वाढत होती. निरीक्षण लवकर थांबवले असते, तर तो प्रयोग यशस्वी म्हणून नोंदला गेला असता. कोणती पेशीमालिका वापरू नये हे ज्ञान अशा उंदरांकडून मिळाले, आणि रुग्णांवरील चाचणीत गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत, यात त्या ज्ञानाचा वाटा आहे.

दवाखान्यांविषयीचा आपला संताप रास्त आहे आणि तो माझाही आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण हे ठरावीक रक्तविकारांसारख्या मान्य आजारांपुरते उपचार म्हणून करता येते. पार्किन्सन, मज्जारज्जूची इजा, ऑटिझम यांसाठीचा मूलपेशींचा वापर हा नोंदणीकृत चाचणीतच व्हायला हवा, आणि चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून शुल्क घेता येत नाही. कोणी लाखो रुपये मागत असेल, तर ती चाचणी नव्हे, हे आपल्या ओळखीच्या प्रत्येक कुटुंबाला कृपया सांगावे. या बातम्यांवर मौन पाळल्याने मात्र त्या दवाखान्यांचे काहीच बिघडणार नाही. एखाद्या प्रयोगातून काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही, हे आपल्या भाषेत वाचायला मिळाले तर त्यांची जाहिरात पारखणे सोपे जाते.

राहिला प्राण्यांचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. फायब्रोब्लास्ट शेपटीच्या टोकापासून मिळवता येतात, परंतु पुष्कळ प्रयोगांत ते गर्भावस्थेतील पिल्लांपासून घेतले जातात आणि त्यासाठी गर्भार मादी मारली जाते. लक्झेंबर्ग विद्यापीठातील गटाने २०१४ मध्ये प्रौढ उंदरांच्या मेंदूत सोडलेल्या अशा मूलपेशी सहा महिन्यांनंतरही टिकून आहेत आणि आसपासच्या जाळ्यात सामावल्या आहेत असे दाखवले; ते पाहण्यासाठीही मेंदू बाहेर काढावा लागतो. भारतात अशा प्रयोगांना १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील समितीचे नियम लागू आहेत आणि संस्थेतील नीतिसमितीची परवानगी घ्यावी लागते, पण परवानगी मिळाली म्हणून वेदना कमी होत नाही. पेशी कशी घडते, कोणते जनुक कधी जागे होते, कोणत्या औषधाने ती मरते, असे अनेक प्रश्न आता मानवी पेशींपासून वाढवलेल्या ऑर्गनॉइडमध्ये (अवयवाच्या प्रयोगशाळेतील छोट्या प्रतिकृतीत) सोडवता येतात, आणि जिथे ते शक्य आहे तिथे उंदीर वापरू नये, या आपल्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. परंतु ऑर्गनॉइडमध्ये रक्ताभिसरण नसते, प्रतिकारसंस्था नसते, आणि सहा महिन्यांनी चालताना अडखळणारे शरीर नसते. प्रत्यारोपित पेशीपासून गाठ होईल की नाही, एवढ्या एका प्रश्नासाठी तरी आज मला दुसरा मार्ग दिसत नाही.