‘तीस हजारांखालची गिटार घेऊच नका’ म्हणणाऱ्यांना

जूनमध्ये कॉलेजं सुरू झाली की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला, त्यातला एक तर आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचा. ‘इलेक्ट्रिक गिटार घेताय? थांबा!’ अशी सुरुवात आणि पुढे पाच मुद्दे. एक, तीस हजारांखालची गिटार म्हणजे खेळणं. दोन, आवाज लाकडातून येतो आणि स्वस्त गिटारचं लाकूड प्लायवूडच्या लायकीचं, तेव्हा टोन विसरा. तीन, ती कधीच सुरात राहत नाही. चार, सेटअप, म्हणजे गिटार वाजवायजोगी जमवणं, हे मुंबई-पुण्याच्या कारागिराचं काम; घरी ट्रस रॉडला (मानेच्या आतल्या सळईला) हात लावला की गिटारची मान गेलीच. पाच, चुकून घेतलीच असेल तर पिकअप (तारांखालचे, आवाज टिपणारे चुंबकी भाग) बदला, दहा हजारांची गिटार लाखाची वाजते.

दुसरा आणि पाचवा मुद्दा एकाच माणसाने लिहिलाय यावर माझा विश्वास बसत नाही. आवाज लाकडातून येत असेल तर पिकअप बदलून तो लाखाचा कसा होईल? आणि पिकअप बदलून होत असेल तर बिचाऱ्या लाकडाला शिव्या कशाला? असो, एकेक घेऊ.

किमतीचं आधी. मी साडेनऊ हजारांची, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची गिटार ऑनलाइन मागवली होती. पहिली आली तिची मान चक्क पिळलेली होती, ती परत पाठवली. दुसरी आली ती सरळ होती, पण एफ कॉर्ड धरला की बोटावर वळ उठायचे आणि डी तार पाचव्या फ्रेटच्या (दांडीवरच्या धातूच्या पडद्याच्या) पुढे टर्र टर्र करायची. तेव्हा हा मेसेज आला असता तर मीच तो चार जणांना पाठवला असता. मिरजेत राहतो म्हणून वाचलो.

इथे दीडशेहून अधिक वर्षं सतारी-तंबोरे घडतायत; २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ओळखीच्या एका सतारमेकर चाचांकडे मी गिटार घेऊन गेलो. इलेक्ट्रिक गिटार त्यांनी आयुष्यात हातात धरली नव्हती. त्यांनी ती उचलली, एक डोळा मिटला आणि बंदुकीचा नेम धरावा तशी दांडीवरून नजर टाकली. (या कारागिरांचे पूर्वज शस्त्रं घडवायचे म्हणतात, त्यामुळे नेम रक्तातच असावा.) मग तिसऱ्या फ्रेटपाशी तार दाबून पहिल्या फ्रेटवर उरलेली फट पाहिली. तिथे केसाएवढी फट हवी, माझ्या गिटारला पोस्टकार्ड सरकलं असतं. “साज वाईट नाही,” चाचा म्हणाले, “हात फिरवायचा राहिलाय नुसता.” वरच्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या, सहा खाचांतून त्यांनी बारीक कानस फिरवली, थोडी घासायची, तार बसवायची, बघायचं, परत घासायची. चहा येईपर्यंत एफ कॉर्ड लागायला लागला होता.

स्वस्त गिटारचं सगळं गणित चाचांच्या त्या एका वाक्यात आहे. आज बॉडी, मान, फ्रेटच्या खाचा हे सगळं संगणकावर चालणारं यंत्र कापतं. ६४८ मिलिमीटर तारेची लांबी असेल तर बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ वर येणार; यंत्राला गिटारची किंमत कळत नाही. पण नटच्या खाचा, फ्रेटची टोकं, तारांची उंची यांना माणसाचा वेळ लागतो, आणि दहा हजारांच्या गिटारमध्ये कारखाना वाचवतो तो हाच वेळ. तंबोरा कितीही महाग घ्या, घोडीचा माथा घासून जवारी काढल्याशिवाय तो बोलत नाही, आणि जवारी नाही म्हणून तंबोऱ्याला कुणी खेळणं म्हणत नाही. ते काम बाकी आहे एवढाच त्याचा अर्थ असतो.

स्वस्तात सगळंच बरं असतं असं मी म्हणत नाही. स्विच खरखरतो, ब्रिजचे, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या घोडीचे, स्क्रू गंजतात, केबल खुपसायचा जॅक सैल होतो. पण हे सुटे भाग आहेत. पिळलेली मान आणि न फिरणारा ट्रस रॉड ही दोन दुखणी मात्र घेऊ नका. दुकानात असाल तर चाचांसारखा नेम धरा. ऑनलाइन असाल तर परत करायची मुदत बघूनच पैसे भरा.

लाकडाबद्दल फार लिहायची गरज नाही. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज तयार होते, तीच अॅम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, जाते. लाकूड तारेच्या थरथरण्यावर थोडाफार परिणाम करत असेल, पण दहा हजार विरुद्ध लाखाचा निकाल तिथे लागत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या डॅनइलेक्ट्रोने चौकटीवर हार्डबोर्ड ठोकून गिटारी विकल्या, त्या आजही लोक शोधत फिरतात. आणि आपल्याच भागाशी नातं सांगणारं उदाहरण हवं असेल तर पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे आयुष्यभर जी गिटार वाजवत आला ती त्याने १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरी बनवायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीची, बॉडीत जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड, ट्रेमोलोला (दांड्याने सूर हलवायच्या ब्रिजला) मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. मेसेजवाल्याच्या हिशेबात हे भंगार.

सुरात न राहण्याचा दोष सगळे तारा पिळायच्या किल्ल्यांवर ढकलतात. किल्लीला आतून वर्म गिअर असतो, तो तारेच्या ओढीने आपोआप मागे फिरत नाही. ट्यून करताना नटपाशी ‘टिंग’ असा आवाज येतो का ऐका. येत असेल तर तार खाचेत अडकून झटक्याने सुटतेय. खाचेत साधी शिसपेन्सिल घासा. नवीन तारा घातल्यावर प्रत्येक तार बोटाने वर ओढून पुन्हा सुरात आणा, चार-पाच वेळा. ट्रेमोलोचा दांडा वापरत नसाल तर मागचं झाकण काढून स्प्रिंगांचे दोन स्क्रू आवळा, म्हणजे ब्रिज बॉडीवर पक्का टेकतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, खर्च पेन्सिलचा.

आता ट्रस रॉड. याची भीती मला समजते, कारण चुकीचं केलं तर खरंच नुकसान होतं. नऊच्या सेटच्या (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंचाची) सहा तारा मिळून मान साधारण ३८ किलोने ओढत असतात. आतली पोलादी सळई त्याला उलटा ताण देते, आणि हे दोन ताण जमवणं एवढंच काम असतं. त्यासाठी लागणारं माप मला सांगलीतल्या मोटरसायकल मेकॅनिककडे मिळालं. टॅपेट सेट करायला ते जी फीलर गेज वापरतात तीच. पहिल्या फ्रेटवर तार दाबायची, शेवटच्या फ्रेटवरही दाबायची, आणि सातव्या-आठव्यापाशी तार आणि फ्रेट यांत पाव मिलिमीटरची पट्टी अडकते का बघायचं. फट जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, कमी असेल तर उलटा. पाव फेरा म्हणजे पावच. मग पुन्हा सुरात आणायची, रात्रभर ठेवायची, सकाळी बघायचं. हात अडला तर थांबायचं, जोर लावायचा नाही. मान जाते ती एका बैठकीत दोन फेरे फिरवणाऱ्यांची.

मान जमली की ब्रिजवरची उंची. सतराव्या फ्रेटवर तार दीड-दोन मिलिमीटर असावी, फेंडर १.६ सांगते, शिकाऊ हाताला थोडी जास्तच बरी. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा येत असेल तर त्या तारेचं सॅडल (ब्रिजवरचा टेकू) मागे घ्या, उतरा येत असेल तर पुढे. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे येत नाहीत, म्हणून ही सोय. आणि मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे हवा कोरडी झाली की फ्रेटबोर्ड आकसतो, फ्रेटची टोकं हाताला बोचायला लागतात. सोनारकामाची बारीक कानस तिरकी फिरवली की झालं. आधी फ्रेटबोर्डवर चिकटपट्टी लावा. मी लावली नव्हती, ओरखडे अजून आहेत.

राहिला पिकअपचा मुद्दा. तो अगदीच खोटा नाही, पण त्याचा नंबर शेवटचा. नट, मान, तारा जमल्यावरही आवाज पटला नाही तर जरूर बदला. तेव्हा सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याच्या पिकअपला) २५० के आणि हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या) ५०० के, म्हणजे किलो-ओहमचं, पॉट (आवाजाच्या बटणाखालचा भाग) लागतं हे लक्षात ठेवा, नाहीतर नवा पिकअपही बोथट किंवा कर्कश वाजेल आणि दोष पुन्हा लाकडावर जाईल. गिटार विकताना यातला रुपयाही परत मिळत नाही. गुणगुण हा वेगळा आजार आहे. सिंगल कॉइल घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर पकडतंच. आतल्या खोबणीला तांब्याची चिकट फॉइल लावून ती ग्राउंडला जोडली की फरक पडतो. त्याआधी अॅम्पच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. जुन्या वाड्यांत तीन भोकांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं. गिटारच्या तारा ब्रिजमार्गे त्याच ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणजे ही नुसत्या गुणगुणीची गोष्ट राहत नाही.

गेल्या महिन्यात सांगलीच्या विश्रामबागचा एक मुलगा चार हजार रुपये घेऊन आला. “दादा, पिकअप मागवायचेत, मेसेजमध्ये लिहिलंय.” आवाज गढूळ येतो अशी त्याची तक्रार होती. शेवटच्या फ्रेटवर तारा दाबून बघितलं तर पिकअप जवळजवळ तारांना चिकटलेले. दोन्ही बाजूंचे स्क्रू सोडवून जाड तारांकडे दोन मिलिमीटर, बारीककडे त्याहून जरा कमी फट राहील असे खाली घेतले, आणि दीड वर्ष न बदललेल्या तारा काढल्या. नवा नऊचा सेट घालून त्याने एकदा ई मायनर वाजवला, मग माझ्याकडे न बघता परत वाजवला.

“मग पिकअप?” त्याने विचारलं.

“दिवाळीनंतर बघू,” मी म्हटलं. अजून तरी त्याचा फोन आलेला नाही.