टबवरचा डाग आणि ॲसिडचा उतारा

इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक उपाय फिरतोय: टॉयलेट क्लीनरने बाथटबवर पडलेला पांढुरका डाग त्याच क्लीनरमध्ये ब्लीच मिसळून घासला की जातो. अजिबात करू नका. क्लीनरमधलं ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि आपली बाथरूम ती केवढीशी! शिवाय तो बहुधा डाग नसतोच. लोखंडी टबवरचं इनॅमल म्हणजे काचेचा थर. ॲसिड तोच खातं. बोट फिरवून बघा, खरखरीत लागेल. तिथे नवं कोटिंगच करून घ्यावं लागतं. टब ॲक्रिलिकचा असून वरवरच निस्तेज झाला असेल तर सुटलात: पाण्याचा पॉलिश पेपर, आधी ८०० मग २००० नंबर, हलक्या हाताने फिरवायचा, मग पॉलिश. थिनर मात्र नको, ॲक्रिलिक विरघळतं. बोरिंगच्या पाण्याचे क्षार ही वेगळी भानगड. ॲक्रिलिकवरून ते पातळ व्हिनेगरने निघतात.