‘सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा’ म्हणे!

कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर बसवून देणारे सेटअप बनवणाऱ्या लोकांनो, एवढंच सांगा. काय बिनसलंय ते तुमच्या प्रोग्रॅमला पक्कं ठाऊक असतं, मग तोंड उघडायला काय होतं त्याला?

आमच्या मंडळाची स्मरणिका काढायची आहे. जुन्या अंकांतले निवडक लेख पुन्हा छापू, असं मीटिंगमध्ये ठरलं. ठरवायला काय जातंय! ते लेख आहेत जुन्या टाइपसेटिंगच्या फायलींत. आजच्या लॅपटॉपवर फाइल उघडली की अध्यक्षीय मनोगताच्या जागी रोमन अक्षरं, टिंबं आणि कंस यांचा नुसता चिवडा. त्या काळी फॉन्टवाल्यांनी देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या घरांत कोंबले होते, तेही प्रत्येकाने आपापल्या मर्जीने. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, बरं का! तरी पुढे कितीतरी वर्षं हेच गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारत राहिले. म्हणजे आपलेच लेख वाचायला त्यांचं सॉफ्टवेअर हवं, आणि ते अडकलंय सीडीवर.

आता लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह कुठे असतो? इथे इंदूरला जेल रोडवर विचारत फिरलो. ‘भिया, अब सीडी कौन चलाता है?’ एकाने शेवटी धुळीने माखलेल्या खोक्यातून यूएसबीचा ड्राइव्ह काढला आणि भाव असा सांगितला की जणू सराफ्यातून आणलाय. तो यूएसबीतूनच वीज ओढतो, त्यामुळे एका यूएसबीच्या चार करणाऱ्या हबला लावला की घरघर करून मान टाकतो. थेट लॅपटॉपला लावल्यावर फिरला एकदाचा.

पहिली सीडी टाकली. ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही.’ बस, एवढंच. का नाही, ते विचारायचं नाही. खोदून काढल्यावर कळलं की आतलं सॉफ्टवेअर ३२ बिटी (१६, ३२, ६४ या पिढ्या समजा, १६ सगळ्यांत जुनी), ते कदाचित चाललंही असतं. पण ते बसवणारी सेटअपची फाइल १६ बिटी, आणि ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी काहीच चालत नाही. ‘ही फाइल १६ बिटी आहे, इथे चालणार नाही,’ एवढं एक वाक्य स्क्रीनवर आलं असतं तर माझी अख्खी दुपार वाचली असती.

मग मंडळातल्याच एका काकांकडून नंतरच्या आवृत्तीची सीडी मिळाली. किती काम झालं ते दाखवणारी पट्टी छान सरकत होती. अर्ध्याच्या पुढे गेली आणि एरर १३३५: अमुक कॅब फाइल (सॉफ्टवेअरचं दाबून बांधलेलं गाठोडं) खराब आहे. कारण? नेटवर्कमध्ये दोष असेल, किंवा सीडी वाचण्यात दोष असेल, किंवा पॅकेजमध्येच काही गडबड असेल. अरे, नेटवर्कचा काय संबंध? सीडी समोर फिरतेय, वायफाय मी बंद करून ठेवलंय! तीन दिशांना बोटं दाखवायची आणि आपण मोकळं व्हायचं. तीच फाइल हाताने कॉपी करायला गेलो तर ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’. हे कुणाला कळावं अशी अपेक्षा आहे? सीडीवरचा मजकूर नीट वाचता येत नाही, तपासणीचा आकडा जुळत नाही, इतकाच त्याचा अर्थ. तसं लिहायला लाज वाटते?

यावर घरोघरचे वैद्य धावून आले. टूथपेस्ट लावा. शर्टाने पुसा. शर्टाने गोल गोल पुसणाऱ्यांना तर मी हात जोडतो. सीडी पुसायची ती मधून कडेकडे, सरळ रेषेत. कडेकडे जाणारा बारीक ओरखडा ड्राइव्ह सांभाळून घेतो, वर्तुळाच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा मात्र सलग माहिती खाऊन टाकतो. आणि सगळे चकाकती बाजू जपतात, पण सीडीचा खरा जीव लेबलाखाली असतो, जेमतेम लाखेच्या एका थराआड. या सीडीच्या लेबलावर कुणा महाभागाने बॉलपेनने ‘मंडळाची प्रत’ असं दाबून गिरवलंय. ट्यूबलाइटसमोर धरली तर ‘प्रत’च्या जागी दोन ठिकाणी आरपार उजेड दिसतो. गाण्यांची सीडी असती तर एखादं भोक झाकून पुढे वाजली असती. सॉफ्टवेअरला एक अक्षरही कमी चालत नाही.

तरी एका मित्राच्या जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने ती सीडी पुरती वाचली. सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं, लॅपटॉपच्या डिस्कवर उतरवलं. आता तरी? पट्टी शेवटापर्यंत गेली. बायकोला चहा टाक म्हणालो. आणि पट्टी मागे सरकायला लागली! जेवढं बसवलं होतं तेवढं डोळ्यांदेखत उचकटून काढलं आणि वर एरर १६०३: इन्स्टॉलेशनच्या वेळी गंभीर चूक झाली. कोणती? ते गुलदस्त्यात. सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा. अरे बाबांनो, सुदामा नगरातल्या दोन खोल्यांच्या घरात कुठला आलाय ॲडमिनिस्ट्रेटर? मीच तो! साधू का स्वतःशी संपर्क? आणि खाली बटण एकच, ‘फिनिश’. काहीही झालेलं नाही, तरी फिनिश.

हा १६०३ म्हणजे कशालाही चालणारं निमित्त. फोल्डरची परवानगी नसली तरी तोच, फोल्डर एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद, केलेला असला तरी तोच, आतली एखादी पायरी कोसळली तरी तोच. पुण्याहून भाचा फोनवर म्हणाला, ‘मामा, लॉग काढून बघ.’ इन्स्टॉलर कमांडने चालवायचा, लॉगचा पर्याय जोडायचा, मग कोणती पायरी कशी झाली याच्या नोंदींची हजारो ओळींची फाइल तयार होते. त्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’, ही पायरी फसल्याची खूण, शोधायचं आणि त्याच्या वरच्या ओळी वाचायच्या. वाचल्या. आणि डोकंच फिरलं. डोंगलचा ड्रायव्हर बसवता आला नाही, हे तिथे सरळ लिहिलेलं होतं. म्हणजे यांना ठाऊक होतं! पायरीचं नाव, फाइलचं नाव, वेळ, सगळं टिपून ठेवलं आणि माझ्या तोंडावर फेकलं काय, तर ‘गंभीर चूक’.

डोंगल म्हणजे चोरून वापरू नये म्हणून यूएसबीला लावायचं ते कुलूप. विंडोजला ते ओळखता यावं म्हणून लागणारा त्याचा ड्रायव्हर ३२ बिटी, आणि ६४ बिटी विंडोज ३२ बिटी ड्रायव्हर आत घेतच नाही. पैसे मोजून, पावती घेऊन ज्यांनी विकत घेतलं ते आम्ही दाराबाहेर. ज्यांनी तेव्हा कुलूप फोडून फुकट वापरलं त्यांना या ड्रायव्हरची गरजच नाही. वा रे न्याय! खोक्यावरचा मदतीचा नंबर लागत नाही, हे वेगळं सांगायला नको.

रामबागेत एका प्रेसवाल्याकडे ३२ बिटी विंडोजचा एक डबा अजून धुगधुगतोय. तो म्हणतो, लग्नपत्रिकांची गर्दी ओसरली की या, डोंगल घेऊन या, पण डब्याला हात मीच लावणार, तुम्ही नाही. इकडे सेक्रेटरींचा रोज फोन. काल म्हणाले, ‘अहो, नुसती सीडी तर टाकायची होती ना?’

म्हटलं, या, तुम्हीच टाका.